नीरव: भूक की माया

विश्रामबाग, सांगली
१८ जानेवारी

प्रिय शाहनवाज,

आजकाल पत्र कोण लिहितं, म्हणून आधी हसशील. हस बापड्या. मी धवलची आई, ज्ञानदा. त्याच्या वाढदिवसाला तू तुमच्या त्या मालिकेतला नीरव मातीचा करून पाठवला होतास, त्या खोक्यावर तुझा रहिमतपूरचा पत्ता सापडला. फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही. धवल सप्टेंबरात गेला. मिरज रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात. तेव्हापासून त्याच्या फोनवरून धवल म्हणून तुला जी रोज निरोप लिहिते, ती मी आहे.

'मला माफ कर' असं लिहून खोडलं, कारण खरं सांगायचं तर मला पस्तावा नाही. तेरावं झालं आणि दोन दिवसांनी त्याचा फोन वाजला. 'कालचा भाग बघितलास का?' एवढाच तुझा निरोप. धवल नाही असं कळवलं असतं, तर तो माझ्या हातून पुन्हा गेला असता. मी 'बघितला' असं लिहिलं आणि मग बघायला बसले.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. परग्रहावरची माणसं म्हणजे मला सगळी सारखीच, हिरवी. आता विचार मला! 'बुडीत ग्रह'ची चारही पर्वं दोनदा पाहिलीत. नीरवांना तीन गळे असतात, पण स्वतःचा आवाज नसतो. कोणाचं माणूस मेलं की ते त्याच्या आवाजात घरच्यांना उत्तरं देत राहतात. का देतात, यावरून तुम्ही दोघं तीन वर्षं भांडलात. एकाचं म्हणणं भूक, दुसऱ्याचं माया. तुमची भांडणं सगळी आवाजाच्या निरोपांत होती आणि ते लावायची माझी छाती नव्हती. म्हणून मी धवलच्या वहीवरून अभ्यास केला. वहीत पानंच्या पानं मायेच्या बाजूचे मुद्दे होते. तेच मी तुला लिहीत राहिले, आणि तू भुकेची बाजू घेऊन तावातावाने उत्तरं द्यायचास. भाजी चिरताना मला नवे मुद्दे सुचायचे. त्या चार महिन्यांत मी सुखात होते रे.

परवा दुपारी फोन पुसताना बोट लागलं आणि एक जुना निरोप सुरू झाला. धवल हसत म्हणत होता, "भूकच आहे ती! तुझे मायेचे सगळे मुद्दे वहीत उतरवलेत, आता एकेक तोडतो." पाठोपाठ तुझा आवाज, "न्हाई रं गड्या, माया हाय ती. तुजं भुकंचं समदं मीबी लिवून ठेवलंय. लय चुकतुयास तू."

तुमची रीतच ती होती, समोरच्याचं म्हणणं आपल्या वहीत उतरवायचं. मी चार महिने धवलच्या नावाने तुझी बाजू मांडत होते. चूक माझी. पण शाहनवाज, तू चिडला का नाहीस? आपली बाजू सोडून एका दिवसात भुकेकडे कसा गेलास? तुझ्या वहीतले मुद्दे मला कोण लिहीत होतं?

मागे जाऊन सगळं तपासलं. सप्टेंबरपासून तुझाही आवाजाचा एक निरोप नाही. धवल बोलून का पाठवत नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस. वहीच्या शेवटच्या पानावर धवलने एक प्रश्न लिहिलाय, दोन नीरव समोरासमोर आले तर? खाली त्याचंच उत्तर आहे, एकमेकांना खरं समजून बोलत राहतील. ते वाचलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तरी मी दाराला कडी घातली. तेवढ्यात फोनवर तुझा निरोप आला, 'जेवलास का?' शाहनवाजने धवलला हे तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

हे पत्र तुझ्याच हाती पडलं असेल, तर मला खुशाल शिव्या घाल, मी आनंदाने ऐकेन. पण वाचणारं दुसरं कोणी असेल, शाहनवाजची अम्मी असेल, अब्बा असतील, तर घाबरू नका. मी कोणाला सांगणार नाही. फक्त एक विचारायला हे लिहिलं, आणि ते फोनवर विचारवत नव्हतं. माझा धवल जाऊन चार महिने झाले. तुमचा शाहनवाज कधी गेला?

तुमचीच,
ज्ञानदा