गाड्या पुसणारा

१४ तारीख, मंगळवार, मीरा रोड

पुसत नाही मी गाड्या, अण्णा. किती वेळा सांगायचं? पुसूनच तर गाड्या खराब होतात. आज आलेली काळी गाडी तशीच. मालकाचा वॉचमन रोज सकाळी पाणी न मारता कोरड्या फडक्यानं धूळ पुसतो. उन्हात उभी केली तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. चार तास पॉलिशचं मशीन फिरवलं, खांदा गेला. जाळं निघालं, रंगात माझं तोंड दिसायला लागलं. तेवढ्यात गाडीच्या मालकानं खिशातला रुमाल काढला आणि बॉनेटवरून फिरवला. मी ओरडलोच, "सेठ, रुमाल नको!" तर हसतो, "अरे भाई, पोंछा ही तो मारा!"

त्यालाही पुसणंच दिसतं.

मग बहिणीच्या साखरपुड्याला कधी निघू म्हणून घरी फोन केला. अण्णा म्हणाले, "तू नको येऊस. पाव्हण्यांना पोरगा कंपनीत आहे म्हणून सांगितलंय. चारचौघांत काय सांगशील, गाड्या पुसतो?" तेव्हाच भांडायला पाहिजे होतं.

फोन ठेवताना म्हणाले, "पैसे तेवढे वेळेवर धाड."

धाडतोय. आठ हजार.