फोडणी न दिलेलं वरण

गोंदिया,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय खेमराज,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. थंडी पडायला लागली तसा गुडघा कुरकुरतोय, पण इतकी वर्षं चिखल तुडवल्यावर त्याने कुरकुरायलाच हवं. मायला बीपीची गोळी सकाळीच देत जा. जेवल्यावर घेते म्हणते आणि सरळ विसरते. तुझ्या लेकीच्या, खुशीच्या नर्सिंगचं मी इथल्या कॉलेजात विचारून ठेवलंय. माझ्या भावजयीला, शामकलाला म्हणावं, लाखोरीची डाळ मिळाली, पण एकट्या बाईला एवढी कशाला पाठवायची.

फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं, तेही आजच्या आज एसटीच्या कंडक्टरच्या हाती, असं वाटेल तुला. फोनवर तू माझ्या प्रत्येक बोलण्याला ‘हव ताई’ म्हणतोस आणि मला वाटतं, चला, सगळं ठीक आहे. तेच नको होतं.

पुस्तक छपाईला निघालं होतं. माझं आजवरचं सगळं काम त्यात आहे: सारस, तलाव, धान, आणि आपल्या लोकांनी या पक्ष्यांना कसं सांभाळलं ते. आठवं प्रकरण आपल्या इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या शेतावर आहे. धानाच्या ज्या बांधीत सारस घरटं करेल तिथलं पीक पिल्लं चालती झाल्यावरच कापायचं, हा बाबांचा नियम मी देशभर सांगत फिरले. लोक टाळ्या वाजवायचे. रानडुकरांनी धान लोळवलं की तुमची काय गत होते, याला मी त्या प्रकरणात दोन ओळी दिल्यात. काल मोजून पाहिल्या. दोनच आहेत.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळत होते, ते तुला कळलंच असेल.

मागच्या महिन्यात आपल्या बांधीत सारसाची मादी मरून पडली आणि वनखात्याच्या साहेबांनी मलाच बोलावलं. विजेचा झटका बसलाय हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वीज कुठली, एवढंच मी सांगायचं होतं. मी वाकून पाहिलं. पंख शाबूत होते, पाय भाजलेले होते. वरच्या लाइनला धडकलेल्या सारसाचे पंख जळतात, हे मी कितीतरी पोरांना शिकवलंय. पाय भाजले म्हणजे झटका जमिनीलगतच्या तारेचा. मला बघताक्षणी कळलं, आणि मी मान वर करून लाइनकडे पाहत राहिले.

तेवढ्यात तू मला बाजूला घेतलंस. “ताई, तो तार मीनंच लावला होता ना, डुकरायसाठी. पंपाच्या मोटारीच्या डब्यातून करंट सोडला होता. मी सायबाले सांगून देतो.”

मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. “तू गप राय. खुशीचं पाहा. मी पाहून घेतो.” आणि साहेबांपाशी जाऊन म्हणाले, वरच्या लाइनला धडकली. मॅडम म्हणतात म्हणजे विषय संपला, असं म्हणून त्यांनी सही केली.

त्या दिवशी मायने वरणाला फोडणी दिली नाही. पांढरं वरण आणि भात वाढला. मी विचारलं तर म्हणाली, “घरातलं गेलं तं फोडणी देतेत का वं?” तू पानावरून उठून गेलास. शामकलाला वाटलं तुझं पोट बिघडलं. माय पुढेही दहा दिवस सुतक पाळणार होती, कुणाला न सांगता, आपल्यापुरतं.

खेमराज, यापुढचं लिहायला मला फार लाज वाटते. तो भात कालवताना माझ्या मनात आलं, हे आठव्या प्रकरणात किती छान बसेल. खोटं सांगत नाही, अगदी हेच मनात आलं. गोंदियाला परतल्याबरोबर मी लिहूनही टाकलं: सारस विजेच्या लाइनला धडकून मेला आणि शेतकऱ्याच्या घरात त्याचं सुतक पाळलं गेलं. संपादकांचा फोन आला, म्हणाले, पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान. मी थँक्यू म्हणाले.

म्हणजे मी तुला वाचवलं नाही. तुला वाचवतेय असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. वाचवलं ते प्रकरण. शेतकरी सारसाला घरचा मानतो, हे जिने आयुष्यभर सांगितलं तिच्याच भावाच्या तारेने सारस मेला, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे लिहिण्याची हिंमत नव्हती. तू खरं बोलायला निघाला होतास. तुझं तोंड मी बंद केलं.

परवा आपल्या शेजारच्या शेतातल्या घनश्यामचा फोन आला. सहज म्हणाला, “सारस तं लाइननं मेला ना ताई, मंग आमचे तार लावून रायले तरी चालते.” उरलेला नर पिल्लाला घेऊन त्याच्याच बांधीच्या आसपास फिरतो. कापणीला बायका जातात त्याही तिथूनच. माझ्या एका वाक्यावर त्या सगळ्या तारा बिनधास्त चालू आहेत. त्यानंतर मला झोप लागलेली नाही.

म्हणून सांगते. तुझी तार निघालीय हे माहीत आहे. घनश्यामकडे आजच जा आणि त्याचीही काढायला लाव. खरं कारण सांग. मी उद्या वनखात्यात लेखी देणार आहे की कारण मी खोटं सांगितलं, आणि भाऊ कबूल करायला आला होता तेव्हा त्याला मीच गप्प केलं. गुन्हा नोंदवला जाईल. तुझ्यावर आणि माझ्यावरही. वकिलाशी बोलले आहे. काही होणार नाही असं तुला सांगणार नाही, कारण होईल. पुस्तक मी थांबवलंय. निघेल की नाही, माहीत नाही.

मला अडवायला फोन करू नकोस. तू केलास तर मी थांबेन, इतकी मी अजूनही भित्री आहे.

मायला तू काही सांगू नकोस. तिला अजून लाइनचंच खरं वाटतं. मी तिथून थेट घरी येते आणि तिच्यापुढे बसून सांगते. करंट काऊन लावला, हे ती तुला विचारेल, आणि तुझ्याकडे लोळलेल्या धानाचं उत्तर आहे. काऊन लपवलं, हे ती मला विचारेल. मला म्हणावं लागेल, पुस्तकासाठी. जिला वाचता येत नाही, तिला.

तुझं खरं बोलणं मधेच तोडणारी,
रेणूताई