लालाचं पहिलं सोनं

मिरज

चि. सौ. बहीण साळूस, तुझ्या आण्णाचा आशीर्वाद.

शाळेत शिकवताना मी कवितेची एक ओळ म्हणायचो आणि मागच्या बाकावरून तुझा लेक लाला पुढची ओरडायचा. तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. लेक जिवापाड जपते. तुझे सांधे कसे आहेत?

निवडणुकीत मी एका पक्षाच्या व्यासपीठावर बसलो, लाला दुसऱ्याच्या. "आण्णा, तुमी आमचं न्हाई राहिला," एवढं म्हणून त्यानं बोलणं तोडलं. दर दसऱ्याला तो पहिलं सोनं माझ्या हातात द्यायचा. काल दसऱ्याला दिवस मावळेपर्यंत मी दाराकडे बघत बसलो. गुडघ्याचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. तू त्याला रागावू नकोस. नीट जेवतो ना, तेवढं कळव.

दार वाजलं म्हणून पेन खाली ठेवला होता. साळू, लाला आलाय. गळ्यात त्याच्या पक्षाचं उपरणं तसंच आहे, मुठीत आपट्याची सुकलेली पानं. उंबऱ्यावरूनच म्हणतोय, "मत माझं तेच हाय, आण्णा. पर पयलं सोनं तुमालाच."

तुझा,
आण्णा