पहिल्या बाकावरची कुजबूज

बुधवार, ४ जानेवारी १९५६

घशातली गाठ काढावीच लागणार! डॉक्टर विल्फ्रेड आज फार हसून बोलत होते, तेव्हाच ओळखलं. मी विचारलं, आवाज राहील ना? "प्रार्थना करा, बाई. आणि तोवर तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही — त्याने घसा जास्तच ताणला जातो."

एकोणीस तारखेला ऑपरेशन.

आणि गिरगावातला माझा संध्याकाळचा वर्ग? कॉमर्सची मुलं जमाखर्च कुठेही शिकतील. मी त्यांना माणसं सांभाळायला शिकवते — खोटी कंपनी, खरी भांडणं, दर आठवड्याला नवा अध्यक्ष. चिंतामणराव संस्थेचे चिटणीस. म्हणाले, "पुढारी घडवायला वर्ग कशाला, बाई? रस्त्यावर ढिगाने फिरतायत! तुमच्या जागी उभं राहील असं कुणी असेल तर दाखवा. नाहीतर वर्ग बंद."

दाखवीन. वर्गातल्या शकूला उभी करून दाखवीन.

सोमवार, ९ जानेवारी

आज शकू अध्यक्ष. फळ्यावर लिहिलं — मी बोलणार नाही.

माधव कामगारांच्या बाजूने भांडत होता. "अध्यक्षबाई, उत्तर द्या की! मुहूर्त बघताय काय?" सगळे हसले. शकूने माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या बाकावर, नेहमीसारखी. आणि ओठांतून आपोआप निसटलं, "मालकांचं म्हणणं आधी विचार." लगेच ती खणखणीत बोलली!

घरी येऊन बसले तेव्हा कळलं. सगळेच माझ्याकडे बघतात. तोंड उघडण्याआधी प्रत्येक अध्यक्ष पहिल्या बाकाकडे बघतो. इतकी वर्षं मी हेच केलं? ही मुलं उद्या कचेऱ्यांत जातील, तिथे कोण बसणार आहे पहिल्या बाकावर?

घसा जळतोय.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. जो तो हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हणतो. मी नुसती मान हलवते.

सोमवार, १६ जानेवारी

रेडिओवर सांगितलं — मुंबई महाराष्ट्रात नाही! केंद्राकडे! खालचे रघुनाथराव जिन्यातच बसून राहिले. बायका रडत होत्या. मीही रडले. आणि रडता रडता मनात काय यावं? उद्या वर्गात पुन्हा शकूच अध्यक्ष, आणि चिंतामणराव तिची सभा बघायला येणार. उद्या नको, देवा. उद्या काही पेटायला नको.

लाज वाटते. पण हेच मनात आलं.

मंगळवार, १७ जानेवारी

चिंतामणराव आले. मुलंही आली, निम्मीच. शकूने सभा सुरू केली आणि बाहेर धावपळ, आरडाओरडा. माधव धापा टाकत आत आला. "गोळीबार चाललाय! सभा बंद कर, शकू. मी निघालो."

चिंतामणराव मांडीवर काठी ठेवून बसलेले. "बघू या, तुमची अध्यक्ष काय करते."

शकूने माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होती!

मग घंटी वाजवली. "सभा तहकूब. एकट्याने कुणी जायचं नाही. मागच्या गल्लीतून जाऊ. मुली मध्ये. माधव, तू सगळ्यांत पुढे — आणि घोषणा द्यायची नाही."

"मी काय भित्रा आहे?"

"नाहीस. म्हणून तर तुला पुढे ठेवलंय."

चिंतामणराव ताडकन उठले. "कुणाला विचारून वर्ग सोडतेस?"

"काका, आज अध्यक्ष मी आहे. तुम्हीही चला, मुलींच्या मागे. काठी सांभाळा."

ते आले! मुकाट्याने आले! शकू मला म्हणाली, "बाई, माझा हात धरा. बोलू नका." सगळे घरी पोचले.

बुधवार, १८ जानेवारी

संचारबंदी. उद्या ऑपरेशन तरी होतं की नाही! चिंतामणरावांनी सकाळी निरोप पाठवला — शिस्त उरलेली नाही, वर्ग बंद.

काल शकू माझ्याकडे बघत होती तेव्हा मी कुजबुजले होते. "उठू नकोस. सभा चालू ठेव."

तिला स्पष्ट ऐकू गेलं होतं.