शंकरपटाचा तीक्ष्ण नजरेचा पंच

१० जानेवारी १९३७, सकाळ
वडनेरच्या शंकरपटाला यंदाही पंच मीच. गावात मास्तर दुसरेही आहेत, पण रेषेवर बसायला नजर लागते. शेषराव पाटील आणि उत्तमराव देशमुख यांच्या बैलजोड्या दरवर्षी अगदी एकदम रेषा ओलांडतात. केसाचाही फरक नाही. मी 'बरोबरी' म्हणतो आणि सगळे फेटे उडवतात. इतका सूक्ष्म निकाल देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल.

१२ जानेवारी
वाटेत उत्तमरावांना रामराम केला. घेतला नाही. माणूस माजला. सौ. म्हणते, ती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची गंजी होती. तिन्हीसांजेला कोणाचीही चूक होते.

१५ जानेवारी
सौ. चष्म्याची कटकट करते. चष्मा म्हणजे डोळ्यांना कुबड्या! संकल्प: त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे, पहाटे दवात अनवाणी चालणे, गाजरं खाणे.

१६ जानेवारी
त्रिफळा फार झोंबतो. बंद.

१७ जानेवारी
दवात चाललो. शेण दिसलं नाही. अंधार होता. दव बंद. गाजरं चालू.

१८ जानेवारी
पोट बिघडलं.

२० जानेवारी, नांदुरा
शाळेच्या कामाने आलो होतो. सौ.ने शपथ घातली होती म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे डोकावलो. तो म्हणाला, बाहेरचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर पडायला हवं, तुमचं अलीकडेच जुळतं. त्यामुळे जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर. मधे खोलगट काच लावली की चित्र जागेवर जाईल. मी म्हटलं, लांबचं सगळ्यांनाच धूसर दिसतं, म्हणून तर त्याला लांब म्हणतात. डॉक्टर खाली मान घालून चष्म्याचा नंबर लिहू लागला. पटलं असावं. केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून चष्म्याची ऑर्डर दिली.

२८ जानेवारी
चष्मा आला. अंगणात लावून पाहिला. कडुनिंबाला सुटी सुटी पानं असतात! इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. काच नवी आहे, त्यामुळे असेल.
रविवारी शंकरपटाला चष्मा लावूनच बसणार. मुळात नजर तीक्ष्ण, त्यात काच. आता तर निकाल फर्स्ट क्लास.

३१ जानेवारी, संध्याकाळ
शेषरावांची जोडी चांगली हातभर पुढे! मला स्पष्ट दिसलं. उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं. एकही फेटा उडाला नाही. मग लोकांनी गाड्यांच्या उभाऱ्यांचे दांडे उपसले. मी पळालो. चष्मा सुखरूप आहे.

१ फेब्रुवारी
शेषराव आणि उत्तमराव दोघं मिळून घरी आले. सत्काराचं बोलायला आले असावेत म्हणून मी टोपी घातली. तसं नव्हतं. शेषरावांची लेक उत्तमरावांच्या घरी दिलेली; कालच्या निकालानंतर तिला माहेरी पाठवलं होतं, आज कशीबशी परत नांदायला गेली. शेषराव म्हणाले, "तुमाले लांबचं दिसत नाही, हे सगळ्या गावाले ठाऊक होतं, मास्तर. म्हनूनच त तुमाले पंच केलं. तुमी बरोबरी सांगत होते, आमी सुखानं घरी जात होतो."
मी म्हटलं, पुढच्या साली चष्मा काढून बसतो. उत्तमराव म्हणाले, "आता तुमचा भरोसा नाही."
नवा पंच इंद्रभानबुवा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!
फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

२ फेब्रुवारी
गेलेली पंचकी परत आणायचा उपाय सुचला. इंद्रभानबुवांच्या ओट्यावर जाऊन त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे फायदे समजावले. केवळ माणुसकी म्हणून. नांदुऱ्याला स्वतः घेऊन जातो म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंचकी सुटली का मंग करतो आपरेशन, मास्तर. तुमच्यासारखी घाई नाही मले."
आसपासच्या ओट्यांवर बरीच मंडळी बसली होती. चष्मा खरोखर उत्तम आहे. पार वेशीपर्यंत कोण कोण हसतंय ते स्वच्छ दिसलं.