चुकीच्या नऊचे घड्याळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षिका, माझी ही अखेरची इच्छा कोणाच्याही दबावाखाली न येता आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता लिहून ठेवत आहे. गोड बोलणारे कोण, ते कलम चारमध्ये येईलच. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची खरे तर गरज नव्हती. आज सकाळी सतराचा पाढा उलटा म्हणून पाहिला, कुठे अडखळले नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही रागातच करत आहे, पण या वेळी राग कोणाचा आहे ते मला नीट कळले आहे.

मजकुरात माझे नाव कुठेही लिहिलेले नाही. ते सहीत येईल तेवढे पुरे. माझ्या नावाचा वापर आधीच फार झाला आहे.

कलम १. मी राहते ते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, आतल्या सर्व सामानासह माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती दुसऱ्या गावी कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. तिच्या हाताखाली बारा माणसे आहेत आणि तिच्या मापात सुताइतका फरक पडत नाही, असे तिचे मालक मला स्वतः म्हणाले आहेत. तिने घर ठेवावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे. बाथरूमचा नळ गळतो, तो आधी बदलावा.

कलम २. बँकेतील ठेवी आणि दोन सोन्याच्या बांगड्याही तिलाच. शेजारच्या नर्सबाईंनी गेली चार वर्षे मला इंजेक्शने दिली, त्यांना काहीतरी द्यायचे मनात होते. परंतु त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिले तर भानगड होते, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून नर्सबाईंना फक्त धन्यवाद.

कलम ३. माझी कंपासपेटी, दोन लाकडी गुण्ये, पितळी कर्कटक आणि तबकड्या रंगवायचे सात ब्रश छापखान्यातल्या काकांना द्यावेत. कारण सांगायला थोडे मागे जावे लागेल.

माझे पती, जाऊन अकरा वर्षे झाली, भिंतीवरच्या घड्याळांचा कारखाना चालवत. यंत्र बाहेरून यायचे, तबकडी आमची असायची. लग्नानंतर दोन वर्षांनी मी गंमत म्हणून एक तबकडी काढली. बारा तास, आणि प्रत्येक तास चार चौक्यांतून साधलेला. तीन वाजता चार अधिक चार अधिक चार, भागिले चार. सात वाजता चव्वेचाळीस भागिले चार, वजा चार. अकराने मला आठ दिवस रडवले, शेवटी दोन चौक्यांची वर्गमुळे घेतली तेव्हा जमले. ते घड्याळ गणितवेड्या लोकांनी उचलून धरले. मग मी उलटे फिरणारे काढले, फक्त मूळ संख्या दाखवणारे काढले. मी आयुष्यात सर्वांत सुखी होते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कर्कटक हातात धरून. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे असे वाक्य येणार नाही.

चौथी तबकडी सरमिसळ होती. सहाला तीनचे फॅक्टोरियल, एकला कोसाइन शून्य, नऊला एक्याऐंशीचे वर्गमूळ. पती म्हणाले, "अगं, वर्गमूळ बघून कोण भुलणार? पायचं चिन्ह दिसलं की लोकांना घड्याळ विद्वान वाटतं." आणि त्यांनी नऊच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिले: ३(π − ०.१४).

मी म्हटले, "हे नऊ नाही. पाय म्हणजे ३.१४ नव्हे, पुढे आकडे संपत नाहीत."

"किती फरक पडतो?"

मी मांडून पाहिले. "तासाच्या मापात सतरा सेकंद."

"सतरा सेकंदांनी कोणाची गाडी चुकते गं?" असे म्हणून ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातले काका शाळेच्या फाटकाशी आले. हातात तबकडीचा नमुना, खाली माझी वळणदार सही. "बाई, साहेबांनी नऊ बदललाय. सही तुमची आहे म्हणून विचारायला आलो. छापू का?" त्या धंद्यात मला विचारायला आलेला हा एकच माणूस. मी काय म्हणाले ते त्यांना आठवत असेल. मी म्हणाले, "साहेबांनाच विचारा." घंटा झाली होती आणि मला घरी भांडण नको होते. काकांनी पेटी घ्यावी, नाही म्हणू नये.

कलम ४. सर्व तबकड्यांची मूळ चित्रे व त्यांवरील हक्क माझ्या नावावर नोंदलेले आहेत. तेही मुलीला. सध्या कारखाना माझे धाकटे दीर चालवतात. मागच्या महिन्यात ते कारखान्याचे कागद घेऊन आले आणि माझ्याच खुर्चीत बसून म्हणाले, "वहिनी, तुमच्या पश्चात आपण स्मृती आवृत्ती काढू. आत तुमचा फोटो. नऊ मात्र तोच ठेवू हं, लोकांना तोच आवडतो." मी समोर धडधाकट बसले होते. ते सरमिसळ घड्याळ माझ्या नावाने, सहीने किंवा फोटोने पुन्हा काढल्यास कारवाई करावी, असा स्पष्ट अधिकार मी वकीलबाईंना देत आहे. दिरांना माझा जुना कॅल्क्युलेटर द्यावा. त्यावर पायचे बटण आहे. ते दाबून बघावे.

कलम ५. बैठकीतले सरमिसळ घड्याळ मी इतकी वर्षे उतरवले नाही. ते हातोडीने फोडून कचऱ्यात टाकावे. यंत्र चांगले आहे, तरी काढून ठेवू नये.

कलम ६. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर, मुले त्यांना काटकोन म्हणत, ते घड्याळ आल्यापासून मला शिक्षकांच्या खोलीत रोज विचारत, "काय बाई, नऊ वाजले की वाजायचेत?" मी त्यांच्याशी निवृत्तीपर्यंत बोलले नाही. ते आता हयात नाहीत, त्यामुळे द्यायचे काही नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते, एवढी नोंद घ्यावी.

कलम ७. वकीलबाईंचे मत आहे की या कलमाला कायद्यात काही अर्थ नाही, ते काढून टाकावे. मी म्हटले, मग बाकीची काढा, हे ठेवा.

हेडमास्तरांनी ते घड्याळ प्रत्येक वर्गात लावले होते, फळ्याच्या वर. माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, माझ्याच वर्गात. शाळेत मला बाई म्हणायचे, आई म्हणायचे नाही, हा नियम मीच केलेला. चाचणीत प्रश्न होता, पाय ही परिमेय संख्या आहे का. तिने चार ओळी लिहिल्या. ३(π − ०.१४) बरोबर ९. म्हणून π वजा ०.१४ बरोबर ३. म्हणून π बरोबर ३.१४. हे ३१४ भागिले १०० असे लिहिता येते, म्हणून परिमेय आहे.

मी ते भर वर्गात वाचून दाखवले. नाव घेऊन. मुले हसली. मी म्हणाले, "आणि ही गणिताच्या बाईंची मुलगी."

ती उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, पण हे घड्याळावर लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

चाळीस माना वर झाल्या. घड्याळ चुकीचे आहे, एवढेच मला म्हणायचे होते. माझ्याने म्हणवले नाही. हेडमास्तर काय म्हणतील, काटकोन काय म्हणेल, एवढेच डोक्यात आले. मी म्हणाले, "घड्याळ वेळ बघायला असतं. तास संपेपर्यंत उभी राहा." ती राहिली. पुढच्या वर्षी तिने गणित सोडले. मी सगळ्यांना सांगत सुटले की तिला झेपत नव्हते.

तरी मी जाहीर करते की त्या चार ओळींत एकही पायरी चुकलेली नव्हती. मी बत्तीस वर्षे शिकवले, इतकी नेटकी मांडणी माझ्या वर्गात दुसऱ्या कोणी केली नाही. चूक तिला मी दिली होती, ती चूक आहे हे मला ठाऊक होते, आणि शिक्षाही मीच केली. पतीला आणि दिरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, कारण ते सोपे होते.

त्या दिवसापासून ती मला घरीही बाई म्हणते. अहो-जाहो करते. चौतीस वर्षे झाली. दर रविवारी फोन येतो, "बाई, औषध घेतलंत का?" लोकांना वाटते, काय वळण आहे मुलीला. मी दर रविवारी ठरवते की आज सांगायचे, आणि नळाची तक्रार सांगून फोन ठेवते.

तिने आई म्हणावे अशी अट मी कुठल्याही कलमाला घातलेली नाही. जे देत आहे ते विनाअट आहे. मात्र हे कलम माझ्या हयातीत तिला कळवू नये. सगळे वाचूनही तिने बाईच म्हटले, तर ते ऐकायला मी नसावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

(सही) इच्छापत्र करणारी

साक्षीदार :
१. (सही) शेजारच्या नर्सबाई
२. (सही) तळमजल्यावरचे चष्म्याचे दुकानदार

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६, रविवार, सकाळी, फोन यायच्या आधी