घर एक, खाती दोन

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

भवानी पेठ, सोलापूर
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. रेवणसिद्ध यास सिद्धम्मा अज्जीचा आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचाच आहे, राग तेवढा नवा आहे. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, तिकीट एकच लागतं.

इकडे सगळे खुशाल. गड्ड्याची जत्रा संपली, पाळणे उतरवले, गर्दीत चुकलेली माणसं आपापल्या घरी पोचली. एकच तेवढं पोचलं नाही. पुण्यात डबा कसा मिळतो? चपाती रबरासारखी असते म्हणे. बरं आहे, चावता चावता विचार करायला वेळ मिळत असेल.

तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास म्हणे. बदल की. म्हणून म्हटलं कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकावं, तेही रजिस्टर. फोन कट करता येतो, पोस्टमनसमोर सही करावी लागते.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक. मी सांगते, दुसरं माणूस लिहितंय. मी ‘हाय’ म्हणते तिथं कागदावर ‘आहे’ पडतं. एवढी सुधारणा चालवून घेते. शिव्या मात्र लिहीत नाही ते माणूस, नुसतं थांबतं. कोण लिहितंय ते अक्षरावरून ओळख. ओळखलंस तर तुझ्या वाटणीचा शेंगाचटणीचा डबा राखून ठेवीन.

आता जुळे सोलापूरच्या त्या फ्लॅटचं. श्रावणात तू, मी आणि तुझी बायको, आपण तिघं बघायला गेलो होतो. महेश्वरीनं ओट्याची उंची हातानं मोजली आणि म्हणाली, “अज्जी, तुमाला हितं बसून भाकरी थापता येणार न्हाय, चौरंग लागंल.” घर तिचं व्हायच्या आधी तिनं माझी जागा केली होती. तिथनं तसेच बँकेत गेलो. तिथल्या साहेबानं आधी तिचं पॅनकार्ड घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. तिचे मार्क, ते सिबिल का काय म्हणतात ते, आठशेला टेकलेले. वळसंगच्या पोरीनं शिक्षणाचं कर्ज स्वतःच्या पगारातून फेडलं, गाडीचा एक हप्ता चुकवला नाही. मग त्यानं तुझं कार्ड घेतलं. साहेबाचा उजळलेला चेहरा विझला. मला वाटलं लाईट गेली.

मी विचारलं, “साहेब, लगीन झालंय की दोघांचं. दोघांचे मार्क एकत्र धरा आणि अर्धे करा.”

तो हसला. म्हणाला, “आजी, लग्नानं मार्क एक होत नाहीत. ज्याचे त्याचे राहतात. पण कर्ज दोघांच्या नावावर मागितलं तर दोघांचे बघावे लागतात.”

तुझी मोटारसायकल, तुझा तो भारीतला मोबाईल, तुझं क्रेडिट कार्ड, सगळ्यांचे हप्ते बुडालेले. तुमचं लग्न ठरवताना आम्ही पोरीची उंची विचारली, रक्तगट विचारला, चष्मा आहे का विचारलं. तिच्या घरच्यांनी तुझ्या गळ्यात इष्टलिंग आहे का तेवढं बघितलं. खिशात काय आहे ते कुणी बघितलं नाही. रिक्षात ती एकच वाक्य बोलली, “लग्नाआधी सांगितलं का नाही?” आणि तू म्हणालास, “तू विचारलं नाहीस.” मी मधे बसले होते. तेव्हाच एक ठेवून द्यायची होती; रिक्षावाला परका होता म्हणून वाचलास.

तरी पोरगी काय म्हणाली? “थांबू. जुनं फेडा, मार्क सुधारले की घर घेऊ.” रडली नाही, माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कामाला. लोकांच्या रक्तातली साखर सांगणारी पोरगी, नवऱ्याच्या रक्तात काय आहे ते तिला कळलं नाही.

तुझ्या आज्जाचं सांगते. त्याला पत्त्यांचा नाद. अख्ख्या पेठेत त्याला कुणी चहा उधार देत नसे. मी कडक भाकरी करून विकायचे, मला चनबसप्पाच्या दुकानातून ज्वारीचं पोतं नुसत्या शब्दावर यायचं. चनबसप्पा म्हणायचा, “सिद्धम्मा, घर एक, पण खाती दोन.” आज्जानं माझ्या पाटल्यांचे पैसे घालवले, शिव्या खाल्ल्या, उपाशी झोपला. पण माझं नाव सांगून पोतं उचलायला तो कधी त्या दुकानाची पायरी चढला नाही. एवढी लाज त्या जुगाऱ्याला होती.

आता पुढचं सांगायचं मी मघापासून टाळतेय. चहा पिऊन झाला, लिहिणारं माणूसही वाट बघतंय.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी चुलीपाशी भाकरी शेकत होते. महेश्वरी न्हाणीत होती. तू माझ्याशेजारी पाटावर बसलास आणि फोन चाळत होतास. मला वाचता येत नाही, पण फोन कुणाचा ते कळतं. तुझा काळा, तिच्या फोनवर पिवळ्या फुलाचं कव्हर. मांडीवर तिचं ते बँकेत दिलेलं पॅनकार्ड. फोन दोनदा टुणटुणला. मी म्हटलं, “काय करतुयास रं?” तू म्हणालास, “नव्या घराला पडदे बघतोय, अज्जी.” आणि मी तुला गरम भाकरीवर लोणी दिलं.

चोरी करायला माणूस आडोसा शोधतो. तू माझ्या डोळ्यांसमोर बसलास, कारण मला अडाणी धरलंस. रेवण्या, हे मला लागलं. पैशापेक्षा लागलं.

गड्ड्याच्या दिवसांत तिच्या लॅबमध्ये फोन सुरू झाले. पेशंटसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर. “मॅडम, तुम्ही कर्ज घेऊन पळालात.” तिनं घरी येऊन तुला विचारलं. तू जत्रेत जाऊन येतो म्हणालास आणि थेट पुण्याची गाडी धरलीस. मग तिनं सगळं काढलं. त्या दिवशी तिच्या फोनवरून तिच्या नावावर कर्ज उचललंस आणि त्या पैशातून तुझी मोटारसायकल नि मोबाईल फेडलास. स्वतःचे डाग पुसायला बायकोचं नाव फडक्यासारखं वापरलंस. एक हप्ता भरलास, पुढचे सोडलेस. आता म्हणे तुझे मार्क वर आलेत आणि तिचे खाली. जवळजवळ सारखे झाले. साहेब म्हणत होता, लग्नानं मार्क एक होत नाहीत. तू करून दाखवलंस.

माझ्या भिशीचा नंबर या महिन्यात लागला. मी ते सगळे पैसे तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, भर आणि सुट. तिनं हातही लावला नाही. म्हणाली, “अज्जी, मी गप भरले तर कर्ज मीच घेतलं असं हुतंय. मी घेतलेलं न्हाय.” पोरीचं बरोबर आहे. माझं चुकत होतं, कारण मला तुला वाचवायचं होतं. आता नाही.

तिनं पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज केलाय. शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी ती देणार. तू त्या दिवशी ये, तिच्याबरोबर चल आणि स्वतःच्या तोंडानं सांग की हे मी केलं. काय शिक्षा व्हायची ती होईल. भाकरी मी पोचवीन. नाही आलास तर तिच्याबरोबर मी जाणार आहे. पडद्यांची गोष्ट मला सांगता येते. ती सांगायला अक्षर लागत नाही.

आता सांग, अक्षर ओळखलंस? नसशील. दोन वर्षं संसार केलास, तिचा ओटीपी तुला ठाऊक, तिचं अक्षर ठाऊक नाही. चटणीचा डबा तिला दिला.

खाली माझा अंगठा आहे. तो मी न्हाणीत असताना कुणी घेतलेला नाही, माझ्याच हातानं उठवला आहे.

सिद्धम्मा

(अंगठा)

हे पुढचं अज्जींनी सांगितलेलं नाही, माझं आहे. लग्नाआधी मी विचारलं नव्हतं, हे खरं. म्हणून आता विचारते. रविवारी तुम्ही येणार आहात, की आम्ही दोघी जाऊ?

महेश्वरी